डाव्या खिळ्यावरची पट्टी

३ मार्च

खारू,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या त्या मोजायच्या यंत्रांनाही.

आठही व्हॉल्व्ह परवा सकाळी ट्रकवर चढले. लाकडी खोकी, खोक्यांत भुसा, वर ताडपत्री. एवढ्या थाटात तर तुझी मामी माहेराहून आली नव्हती. ती शेजारीच बसली आहे. तिने हे वाचलं, तर पुढचं पत्र यायला उशीर होईल असं समज.

वीस वर्षं आपल्या फौंड्रीने पंपांचे लोखंडी सांगाडे आणि गटारांची झाकणं ओतली. जहाजांचं काम गेलं ते गेलंच. सगळा माल बाहेरून यायचा. आता सरकारने धोरण काढलं: नौदलाची जहाजं देशातच बांधायची, आणि नुसता सांगाडा नव्हे, आतला प्रत्येक मोठा भागही इथेच घडवायचा. मालक माझ्या घरी आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, “मामा, ब्राँझचा पॅटर्न करणारा दुसरा माणूस मिळत नाही.” मी म्हटलं, “मिळणार कुठून? बाकीचे वर गेले.” सगळी फौंड्री मला मामाच म्हणते. भाचे चौतीस, पण पत्र लिहिणारी तू एकटी. मोबाईलवर बोलायला मला कान नाहीत. ओतीव साफ करणाऱ्या छिन्न्यांनी ते केव्हाच खाल्ले.

भिंतीवरच्या त्या दोन पितळी वाढीव पट्ट्या आठवतात? इंजिनिअर झालीस, विसरली असशील, म्हणून पुन्हा सांगतो. धातू निवताना आटतो. म्हणून लाकडाचा पॅटर्न, ज्याचा ठसा वाळूत उमटवून आत धातू ओततात तो, तेवढा मोठा करायचा, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीच मुळात लांब करून ठेवलेली. गनमेटल शंभराला दीड आटतं, त्याची पट्टी डाव्या खिळ्यावर. ब्राँझ शंभराला दोन, त्याची उजव्या. तू कॉलेजला निघालीस तेव्हा डावीकडची तुला दिली. उजवीकडची ठेवली, म्हटलं ब्राँझ कधी परत आलंच तर. बघ, आलं.

पहिला नमुना तुमच्याकडे नापास झाला तो आतल्या भोकांमुळे. ते ओल्या वाळूचं पाप, पॅटर्नचं नव्हे. पण दुसऱ्यांदा नापास झालो तर तो भाग परदेशातून आणायला मोकळीक, असा नियमच आहे म्हणे. मग आपण परत झाकणांवर. 

मालक हल्ली फार जपतो मला. लेथकडे फिरकूच देत नाही. “मामा, तिकडे धातूच्या चिपा उडतात, तुम्ही बसा, चहा घ्या.” दोन महिन्यांत एवढा चहा झाला की मला ओतलं तर चहाच निघेल.

व्हॉल्व्ह तुझ्या हाताखालून जाणार का? गेले तर एकदा हात फिरव.

मामा


१० मार्च

मामा, नमस्कार.

मामींना सांगा, माहेराबद्दलचं वाक्य मी वाचलेलं नाही.

खोकी सहा तारखेला पोचली. तपासणी माझ्याकडेच आहे. इथे गोदीत कामाला लागताना एक फॉर्म भरून द्यावा लागतो: पुरवठादार कंपनीचा मालक किंवा अधिकारी तुमच्या नात्यात आहे का? मी ‘नाही’ लिहिलं. तुम्ही मालक नाही आणि अधिकारीही नाही. फॉर्म खोटा नव्हता. पुरा होता असंही म्हणता येणार नाही. म्हणून या पत्रात व्हॉल्व्हबद्दल फार लिहीत नाही. दाबाची चाचणी झाली, आठही पास. मापं ड्रॉइंगप्रमाणे.

जहाज २ मेला पाण्यात सोडायचं ठरलं आहे. मंत्री येणार म्हणून गोदीच्या ज्या भिंती दिसतील त्यांना रंग देणं चालू आहे. तुमचे व्हॉल्व्ह पाण्याखालच्या भोकांवर बसतात, त्यामुळे ते बसल्याशिवाय जहाज सोडता येत नाही. माझी सही १० एप्रिलपर्यंत हवी आहे. साहेब रोज सकाळी येऊन नुसते उभे राहतात. 

आता एक विचारते. कारण विचारू नका. व्हॉल्व्हच्या फ्लँजवर, म्हणजे पाइपला जोडायच्या कडीच्या तोंडावर, कुणी वेल्डिंग केलं आहे का? हो किंवा नाही एवढंच लिहा.

पॅटर्न अजून मोडला नसेल तर त्याची लांबीही मोजून कळवा.

तुमची पट्टी माझ्या टेबलावर असते. पंख्याने कागद उडतात, त्यांच्यावर ठेवते.

तुमची,
खारू


१७ मार्च

खारू,

वेल्डिंग? माझ्या ओतीवाला? तू विचारलंस म्हणून ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याला भट्टी दाखवली असती. तरी उत्तर लिहितो. नाही.

पॅटर्न मोजला. पट्टीवर बरोबर ८०६. तुमचे आठशे, आणि दोन्ही तोंडांना लेथवर कापायला तीन-तीन मिलिमीटर. तीनदा मोजला, तीनदा तेच. केसाचाही फरक नाही. माझ्या पॅटर्नला कापायची जागा मोजून असते, उधळपट्टी नसते. तुला लहानपणी भुशात खेळताना हे पाठ होतं.

वेल्डिंगचं मालकालाही विचारलं. ओठ मला वाचता येतात, त्याला कान लागत नाहीत. तो काहीतरी म्हणाला, पण म्हणताना तोंड फिरवलं. बहुतेक ‘नाही’ म्हणाला.

पेपरात मथळा होता, देशी जहाज म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. खालचं वाचलं नाही, वाचण्यासारखं नव्हतं. हे लोक आम्हाला पाण्यात पाहतात. कथिल आणि ब्राँझ यातला फरक कळायला आधी हात भाजावे लागतात, म्हणावं.

तू असं का विचारतेस? कारण विचारू नका म्हणालीस, म्हणून विचारत नाही. पण झोपेत कूस बदलताना विचारतो.

मामा

खारू, मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. यांना नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत, डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलंय. “आधी व्हॉल्व्ह, मग डोळे,” म्हणतात. काल चहात मीठ घातलं आणि हट्टाने प्यायले, वर म्हणे बरा झालाय. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस. आणि माहेराचं मी वाचलंय.


२२ मार्च

मामा, नमस्कार.

हे पत्र लिहिणं नियमात बसत नाही. पाठवल्यावर साहेबांना सांगणार आहे. आधी नाही, कारण आधी सांगितलं तर ते पाठवू देणार नाहीत.

आठही व्हॉल्व्हच्या दोन्ही फ्लँजवर वेल्डिंगचा थर आहे. धातूचा कडकपणा नियमाप्रमाणे एका जागी मोजायचा असतो. त्या एका जागी आकडा जरा जास्त आला, म्हणून मी बारा जागी मोजला. मग ॲसिडचा बोळा फिरवला. फ्लँजच्या तोंडावर वेगळ्या रंगाचं कडं उमटलं. आठही ठिकाणी तसंच.

काम सुबक आहे. आज गळणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. पण या ब्राँझवर वेल्डिंग केलं, तर नंतर ते भट्टीत ठरलेल्या तापमानाला कित्येक तास ठेवावं लागतं. ते केलेलं नाही. मग वेल्डिंगच्या कडेचा पट्टा समुद्राच्या पाण्यात आतून पोखरला जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. पाच-सहा वर्षांनी तिथे चीर जाते. तेव्हा व्हॉल्व्हच्या एका बाजूला समुद्र असतो आणि दुसऱ्या बाजूला इंजिनच्या खोलीत माणसं.

माझा समज असा आहे: मालकांनी घाईत ओतीव जास्त कापलं, आणि भर घालून झाकलं. चूक असेल तर कळवा.

साहेब म्हणाले, “चाचणी पास आहे ना? ॲसिड लावायला तुला कुणी सांगितलं होतं?” कुणी नाही, असं मी सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. हा भाग बाहेरून आला की पुढच्या प्रत्येक भागासाठी हेच उदाहरण दाखवलं जाईल, आणि धोरण कागदावर राहील. हे त्यांना ठाऊक आहे. मलाही आहे. सही करायला एक मिनिट लागेल. गेले नऊ दिवस मी ते एक मिनिट पुढे ढकलते आहे.

तुमचं अक्षर मोठं झालं आहे. गेल्या वर्षी तुमच्या पानावर बावीस ओळी बसायच्या, मागच्या पत्रात तेरा होत्या. एका ठिकाणी तुम्ही पाचवी ओळ चौथीवरच लिहिली आहे.

पॅटर्न कृपा करून साध्या स्टीलच्या टेपने मोजा, वाढीव पट्टीने नको. ज्या पट्टीने तो केला तिनेच मोजला, तर तो नेहमी बरोबरच येणार. आणि आकडा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. ८०६ आणि वर शंभराला दोन, म्हणजे ८२२ यायला हवा.

खारू


२८ मार्च

खारू,

८१८.

आमच्याकडे वाळूचे गाभे करणारी बाई आहे, साच्याच्या आतली पोकळी जमवते ती. तिने वाचलं. माझ्याशी बोलायला सगळ्यांनी एक पाटी ठेवली आहे, तिच्यावर तिने आकडा लिहिला. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने लिहिलं, “मामा, मी कितीदाही वाचलं तरी लाकूड वाढणार नाही.”

तू ओळी मोजल्यास ते बरं केलंस. डोळे गेलेत. सगळे नाही, पण बारीक अक्षर गेलं. सांगितलं असतं तर मालकाने मला बोलावलं नसतं, आणि मला जायचं होतं. वीस वर्षांनी कुणीतरी ब्राँझ म्हणालं होतं.

मग मी लेथकडे गेलो. चिपा उडत होत्या, उडू दिल्या. ओतीव ८०२च आलं होतं. तीन-तीन मिलिमीटर कापायला ठेवलेले, त्यातला एकेकच उरला. काही ठिकाणी हत्यार धातूला टेकतच नव्हतं, काळी साल तशीच राहायची. मालकाने काय केलं, तर आठ दिवस मला दुपारचं घरी पाठवलं, “मामा, विश्रांती घ्या,” आणि तोंडांवर भर घालायला वेल्डर बसवला. मी खुशाल घरी जाऊन झोपायचो. चौतीस माणसांना ठाऊक होतं. बहिऱ्यापासून गोष्ट लपवायला फार कष्ट पडत नाहीत.

म्हणजे तुझा समज चुकला. त्याने जास्त कापलं नाही. कापायला मी ठेवलंच नव्हतं.

मालकाने पाटीवर लिहिलं, “तुम्हाला कसं सांगणार होतो? तुम्ही पॅटर्न चुकला म्हणाला असता आणि घरी जाऊन बसला असता. मग पुढचा कुणी केला असता?” पुसलं, परत लिहिलं, “भट्टीत घालायला हवं होतं हे मला माहीत नव्हतं, आईशप्पथ.” या पोराला मी बोट धरून फौंड्रीत फिरवलंय. मी खडू हिसकावून लिहिलं, “गाढवा.” बाकीचं पाटीवर मावत नव्हतं.

पण एक कोडं सुटत नाही. पट्टी मी उजव्या खिळ्यावरचीच घेतली होती. तिच्यावरची अक्षरं झिजलीत, बाईलाही वाचता येईनात. पितळ वीस वर्षांत आखडलं म्हणावं, तर असं कधी ऐकलं नाही. तुझ्याकडची गनमेटलची आहे. तुझी यंत्रं अचूक. तिची सहाशेची खूण मोजून कळव. ६०९ यायला हवी.

मामा


२ एप्रिल

मामा, नमस्कार.

६१२.

मोजमापाच्या खोलीत, वीस अंश तापमानाला, तीनदा.

माझ्याकडे आहे ती ब्राँझची. तुमच्याकडे राहिली ती गनमेटलची. सात वर्षं मी तिच्याखाली कागद दाबून ठेवले आणि एकदाही ती मोजली नाही. दिवसभर मी दुसऱ्यांची मापं तपासते.

आठवतं ते लिहिते. कॉलेजला निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेला होता. मी दोन्ही पट्ट्या खिळ्यांवरून उतरवल्या आणि बारीक पॉलिशकागदाने घासून चकचकीत केल्या. तुम्हाला आवडेल असं वाटलं होतं. मग परत अडकवल्या. कुठली कुठे, ते मला आठवत नाही. काल बराच वेळ बसून पाहिलं. नाहीच आठवत. अक्षरं झिजली म्हणता, तीही कदाचित मीच घासली.

साहेबांना सगळी पत्रं दिली, तुमची आणि माझी. एक मजकूर झाकून दिला. तो कुठला ते विचारू नका. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, “फॉर्मवर हे लिहायला काय झालं होतं?”

मी म्हटलं, “तसा रकाना नव्हता.”

“समास होता की.”



या कामातून मला काढलं आहे. पण मोजलेलं मीच आहे, त्यामुळे शेवटचा अहवाल माझ्याच सहीने जाईल. तो १० तारखेला जाईल आणि त्यात आठही व्हॉल्व्ह नापास असतील. तुम्ही मामा आहात म्हणून त्यातला एकही शब्द बदलणार नाही. बदलला असता तर तुम्हीच मला पाटीवर लिहून दाखवलं असतं.

खरेदीच्या नियमांची पुस्तिका सगळ्या पुरवठादारांना छापून दिलेली आहे. ती वाचा असं सांगणं गुन्हा नाही, हे मी साहेबांना विचारून घेतलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वाचनाला बंदी नाही.”

पट्टी रजिस्टर पार्सलने पाठवते आहे. वाकू नये म्हणून फळीला बांधली आहे.

खारू


९ एप्रिल

खारू,

पट्टी पोचली. फळीला सहा ठिकाणी बांधलीस. सोडवताना मामी म्हणाली, ही पोरगी कुणावर गेली आहे? मी दोऱ्या गुंडाळून ठेवल्या.

पुस्तिका मालकाच्या टेबलाच्या खणात होती, न उघडलेली. बाईने बोटाने ओळ न् ओळ धुंडाळली. अकराव्या पानावर सापडलं: पुरवठादाराने अहवालाच्या आधी, स्वतःचा दोष लिहून देऊन माल परत मागितला, तर तो नापास धरणार नाहीत. दुसरा माल द्यायला सहा आठवडे, एकदाच.

मालकाने पाटीवर लिहिलं, “लपवलं असं लिहून दिलं तर माझं नाव जाईल.” मी म्हटलं, नाव माझंही जातंय, आणि ते मी जास्त वर्षं वापरलंय. त्याने दाढी खाजवली, पंखा बंद केला, परत लावला. मग पत्र लिहिलं. पॅटर्नची पट्टी चुकली, वेल्डिंग केलं, सांगितलं नाही. खाली दोन सह्या, त्याची आणि माझी. माझी थोडी कागदाबाहेर गेली.

काल दुपारी तो स्वतः येऊन तुमच्या कचेरीत पत्र देऊन पोचीचा शिक्का घेऊन गेला. तू दोन मजले वर होतीस म्हणे. भेटला नाही ते बरोबरच केलं.

आता खिळ्याचं. तू पट्ट्या घासल्या असशील, उलट्या अडकवल्याही असशील. पण तुला देताना ती हातात कुणाच्या होती? मी वाचली नाही, कारण बारीक अक्षर तेव्हाच धुरकट झालं होतं. तुझ्यासमोर पट्टी नाकाजवळ न्यायची मला लाज वाटली. तू इंजिनिअर व्हायला निघालेली, आणि मामा पट्टी हुंगतोय! म्हणून बघितल्यासारखं केलं आणि दिली. तेव्हा तू कानाला खडा लाव, पण माझ्या वाटचा लावू नकोस.

नवा पॅटर्न सुरू केला. बाई वाचते, मी कापतो. मी कापल्यावर ती साध्या टेपने परत मोजते आणि मला न विचारता पाटीवर मांडते. कधीकधी अर्ध्या मिलिमीटरवरून भांडते. सूनबाई असती तर घर सोडलं असतं. पॅटर्नला मात्र चांगली आहे.

मामा


१४ मे

मामा, नमस्कार.

तुमच्याकडून महिनाभर काही नाही. मीही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं मला काही कळू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

जे सगळ्यांना माहीत आहे तेवढं लिहिते. जहाज सोडायची तारीख २ मेवरून २० जूनवर गेली. रंगवलेल्या भिंतींवर आता धूळ आहे. पेपरांत दोनदा आलं: स्वदेशी जहाजाला पहिलाच अडथळा. परदेशी व्हॉल्व्हची फाईल साहेबांच्या टेबलावर उजव्या हाताला असते, सही करायच्या ढिगात नाही, पण जवळ. मी आता पाइपांच्या याद्या करते. त्यांच्या खोलीसमोरून दिवसातून चारदा जाते आणि दर वेळी फाईल कुठे आहे ते पाहते. काल ती ढिगापासून एक वीतभर अंतरावर होती. सोमवारी दोन वीत होती.

मुदत २० तारखेला संपते.

तुम्हाला बरं आहे ना? मामींना एक ओळ लिहायला सांगा.

खारू


१९ मे

खारू,

घाई होती, पत्राला हात रिकामा नव्हता. पहिल्या दोन ओतीवांत वाळू ढासळली, फोडून परत वितळवली. मालक चार दिवस जेवला नाही आणि मामीने त्याला दारात उभं करून जेवू घातलं.

आठही ओतीव आले. ८०६. एक ८०५ आणि थोडं. साध्या टेपने, बाईने वाचलं, मालकाने वाचलं, वेल्डरने वाचलं. वेल्डरला मुद्दाम बोलावलं. तो म्हणाला, “यात मला काही काम दिसत नाही.” मी म्हटलं, तेच बघायला बोलावलं. लेथवर तोंडं कापली तेव्हा मी शेजारी उभा होतो. साल एका घासात निघाली.

ट्रक काल गेला, या वेळी दोन ड्रायव्हर घेऊन, वाटेत कुठे न थांबता. आज संध्याकाळपर्यंत पोचायला हवा. उद्याही नाही पोचला तर हे पत्र वाचून काही उपयोग नाही.

सोबत एक पार्सल आहे. गनमेटलची पट्टी. तुला द्यायची होती ती हीच.

डोळ्यांची तारीख घेतली, १२ जून. आधी उजवा.

मामा

मी मामी. बरे आहेत. रात्री उठून बसतात आणि मला विचारतात, ट्रक पोचला का. जसा काही ट्रक मला सांगून जातो.


२१ जून

मामा, नमस्कार.

उजव्या डोळ्यावरचं बँडेज निघालं असेल तर स्वतः वाचा. नसेल तर थांबा. मामींना वाचू देऊ नका, त्या आधी शेवट वाचतात.

ट्रक १९ तारखेला सायंकाळी सव्वापाचला फाटकातून आत आला. मी तेव्हा कळवू शकत नव्हते. तपासणी दुसऱ्या माणसाने केली. त्याने कडकपणा प्रत्येक फ्लँजवर बारा जागी मोजला. आता नियमातच बारा जागा आहेत. ॲसिडही आहे. आठही पास झाले हे मला सूचनाफलकावरून कळलं. मी ते दोनदा वाचलं आणि जेवायला गेले.

पट्टी पोचली. सहाशेची खूण ६०९ वर आहे. ती कागदांवर ठेवत नाही, भिंतीला खिळा ठोकला आहे. खाली कागदावर ‘गनमेटल, शंभराला दीड’ असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे.

नात्याचा फॉर्म नवीन आला आहे. त्यात एक रकाना वाढला आहे. साहेबांनी माझ्याकडे देताना नुसतं त्या रकान्यावर बोट ठेवलं. मी तुमचं नाव, वय आणि धंदा लिहिला.

जहाज काल सकाळी नऊ चाळीसला पाण्यात गेलं. वर बँड होता, भाषण होतं. मी ते ऐकलं नाही. तळाच्या खणांत गळती पाहायला माणसं कमी होती, म्हणून मी नाव दिलं होतं. मला तपासणीतून काढलं आहे, खाली उतरण्यातून नाही. शिडीने चार मजले खाली, गुडघे टेकूनच बसता येईल एवढी जागा, हातात बॅटरी. माझ्याकडे तिसरा व्हॉल्व्ह होता. आधी सगळा सांगाडा घसरत गेल्याचा आवाज झाला, मग एक धक्का, आणि मग पत्र्याच्या बाहेरून पाणी वर चढत गेल्याचं ऐकू आलं. माझ्या खांद्याच्या उंचीच्या वर ते गेलं तेव्हा कळलं, कारण आवाज बदलला.

मी फ्लँजखाली हात धरला. सूचना अशी होती की दर पाच मिनिटांनी बॅटरीने पाहायचं. मी चाळीस मिनिटं हात तिथेच ठेवला.

जुने आठ बसवले असते तरी काल हात कोरडाच राहिला असता. ते पाच-सहा वर्षांनी दिसलं असतं, आणि मी तिथे नसते. हे मला माहीत होतं. तरी मी हात काढला नाही.

कोरडा होता, मामा. तोंडावर लेथच्या हत्याराच्या बारीक रेघा आहेत, अगदी सारख्या. तुम्ही मार्चमध्ये लिहिलं होतं, म्हणून एकदा हात फिरवला.

खारू